जुन्या लाकडी पॅनेलांतून नावेचा पक्का धक्का: आधी पाणी, मग माती, लाकूड शेवटी

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलाने आपला उघड्यावरचा लाकडी डेक काढून टाकला आणि त्याची आठ बाय चार फुटांची तयार पॅनेलं लकडगंजच्या लाकूडबाजारात विकायला आली. केवळ एवढ्या कारणाने मी नावेचा धक्का बांधायला निघालो. साळ्याचं कुही तालुक्यात दोन एकरांचं मासोळ्यांचं तळं आहे. रोज खाद्य टाकायला डोंगा काढायचा तर काठच्या काळ्या चिखलात गुडघाभर पाय जायचे. म्हटलं, स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू. नऊ पॅनेलं ट्रकात घातली, तळ्यावर नेऊन रचली आणि मग सुताराला बोलावलं. मिस्त्रीने एका पॅनेलावर उडी मारून पाहिली, तळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लाकूड तं झकास आहे भाऊ, पण हे उभं कायच्यावर करता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जून लागला होता. पॅनेलं ताडपत्रीखाली अख्खा पावसाळा आणि हिवाळा पडून राहिली. धक्का उभा झाला तो पुढच्या मे महिन्यात. खाली दिलेला क्रम मी केलेल्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे, आणि तोच तुम्ही धरा.

१. तळं कोणाचं आहे?

स्वतःच्या सातबाऱ्यातल्या, स्वतः खोदलेल्या तळ्यासाठीच हा लेख आहे. आपल्याकडे पूर्व विदर्भात शेताला खेटून मामा तलाव असतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आजोबांपासून आपण तिथे बैल धूत आलो म्हणून तो आपला होत नाही. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यावर जिल्हा परिषद किंवा पाटबंधारे विभागाचा ताबा असतो आणि मासेमारीचा ठेका बहुधा धीवरांच्या सहकारी संस्थेकडे. तिथे लेखी परवानगीशिवाय एक खुंटीही ठोकू नका. शहरातल्या अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव या तलावांचा तर विषयच सोडा. फुटाळ्यातल्या बांधकामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पेंचच्या जंगलातल्या पाण्याचंही तेच.

आणखी एक. तुमचं शेततळं प्लास्टिकचं अस्तर लावलेलं असेल तर त्यात खांब रोवायचा नाही. एक भोक पडलं की तळं गेलं. तिथे ड्रमांवर तरंगणारा धक्का करतात, तो निराळा प्रकार.

कागद जमवायचे ते असे:

- सातबारा आणि गटाचा नकाशा. भावाभावांत सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती.
- तळं योजनेतून झालं असेल तर मंजुरीचा कागद. बांधकामाला त्यात काही अट आहे का, ते कृषी सहायकाला विचारा.
- ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच.
- लाकडाचं बिल. त्यावर नग, मापं आणि लाकडाची जात लिहून घ्या.
- जुन्या घराचं लाकूड असेल तर घरमालकाचं किंवा घर पाडणाऱ्या ठेकेदाराचं पत्र.

शेवटचे दोन कागद लोक घेत नाहीत. सागवान ट्रकात दिसलं की नाक्यावर विचारणा होणारच, आणि जुनं आहे हे तोंडाने सांगून भागत नाही. माल हलवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाहतूक परवाना लागतो का ते विचारा आणि सांगतील ते कागदावर घ्या. माझा ट्रक अडवला नाही, पण तो नशिबाचा भाग. परत तसं करणार नाही.

२. पाण्याला एक वर्ष द्या

पक्का धक्का जागचा हलत नाही, पाणी मात्र वरखाली होतं. पॅनेलं पडून राहिली ते वर्ष मी खरं तर यात सार्थकी लावलं. एक जस्ताचा पाइप घेतला, त्यावर दर तीन इंचांना रंगाचा पट्टा मारला आणि तळ्यात उभा केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा एक खूण, नवरात्रात एक, संक्रांतीला एक आणि अक्षय तृतीयेला शेवटची. आमच्या तळ्यात सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या खुणेत पाच फूट चार इंचांचं अंतर निघालं. मी मनात दीड-दोन फूट धरून बसलो होतो. त्या हिशोबाने बांधला असता तर उन्हाळ्यात डोंगा धक्क्याच्या पार खाली, विहिरीत पडल्यासारखा दिसला असता.

वरची हद्द मात्र खुणेवरून ठरवायची नाही, सांडव्यावरून ठरवायची. तुमच्या वर्षी पाऊस कमी झाला असेल. तळं जास्तीत जास्त सांडव्यापर्यंत भरणार, आणि जोराचा पाऊस झाला तर सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याचीही उंची त्यात वाढणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी सांडव्यावरून उसळून खालच्या वस्त्यांत शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही सांडव्याच्या माथ्यावर एक फूट वाहतं पाणी धरलं आणि त्यावर दीड फूट मोकळं सोडून पॅनेलांच्या तळाची उंची ठरवली.

सांडवा तळ्याच्या एका टोकाला आणि धक्का दुसऱ्या टोकाला, मग उंची न्यायची कशी? मशीन भाड्याने आणायची गरज नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी लांब घ्या, पाणी भरा, आतले सगळे बुडबुडे जाऊ द्या आणि टप्प्याटप्प्याने खुंट्या मारत या. एक बुडबुडा राहिला तर दोन-तीन इंचांचा फरक पडतो. आमचा पडला होता. परत जाऊन मोजलं म्हणून कळलं.

३. काळी माती आणि खालचा मुरूम

इथे थोडं थांबतो, कारण धक्का वाकडा होतो तो इथेच.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात दोन-तीन फूट रोवलेला खांब ती दर वर्षी थोडा वर उचलते आणि परत खाली सोडते, पण पूर्ण जागेवर कधीच आणत नाही. शेताच्या कुंपणाचे खांब पाच वर्षांत दारू प्यायल्यासारखे का दिसतात, त्याचं कारण हेच. म्हणून खांबाचा पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत जायचं आणि मुरमातही अडीच फूट उतरायचं. आधी एक चाचणीचा गड्डा घ्या. आमच्याकडे काठावर साडेचार फुटांवर मुरूम लागला, तळ्याच्या आत त्याहून वर, कारण वरची माती खोदाईत आधीच निघालेली. काळी मातीच फार खोल असेल तर खाली फुगीर बूड असलेले पाइल करतात. ते मिस्त्रीच्या भरवशाचं काम नाही, इंजिनिअरला विचारा.

आता एक गोम आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. काठावरच्या आणि पाण्यातल्या खांबांना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते.

काठावरची माती ओली-सुकी होत राहते, ती खांबाला धरून वर ओढते. म्हणून तिथे खांबाभोवती उकरलेली काळी माती परत भरायची नाही. चार-सहा इंचांची मोकळी जागा ठेवून त्यात रेती भरायची, म्हणजे मातीची पकड बसत नाही. पाण्यातली माती मात्र बारमाही ओलीच, तिथे फुगण्या-आकसण्याची भीती कमी. तिथली भीती दुसरीच आहे: तळ्याचं पाणी जी काळी माती अडवून धरते, तिलाच तुम्ही भोक पाडून मुरमापर्यंत गेलात. मुरूम पाणी पितो. त्या गड्ड्यात रेती भरली तर झिरपायला वाटच करून दिली. तिथे गड्डा तळाच्या पातळीपर्यंत पूर्ण काँक्रीटने भरा आणि वर चोहोबाजूंनी काळ्या मातीचा घट्ट गारा पायाने तुडवून बसवा. आम्ही दोन दिवस फक्त तुडवतच होतो.

४. खांब: इथे लाकडाचा मोह नको

जुन्या वाड्याचे सागाचे खांब पाहिले की वाटतं, हेच पाण्यात उभे करू. पूर्ण पाण्याखाली असलेलं लाकूड पुष्कळ वर्षं टिकतं हे खरं. पण कुजतं ते पाण्याच्या रेषेपाशी, जिथे आज ओलं आणि उद्या कोरडं असतं. आणि आमच्याकडे ती रेषा पाच फूट फिरते, म्हणजे खांबाचा अर्ध्याहून जास्त भाग कुजण्याच्या पट्ट्यात. रेल्वेचे जुने स्लीपर काही जण सुचवतात. काळे, तेलकट असतील तर ते क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेले असतात. मासोळ्यांच्या पाण्यात ते नकोतच, उन्हात हात लागला तर कातडीही भाजते.

आम्ही चार इंची जाड जस्ती पाइप घेतले. धक्क्याची लांबी अठ्ठावीस फूट. काठावर दगडी ओटा, पुढे दर सात फुटांवर खांबांची जोडी, अशा चार जोड्या, आठ खांब. पाइपात काँक्रीट भरलं, म्हणजे आतून गंज नाही. माथ्यावर दहा मिलिमीटरची पट्टी आणि तुळई बसायला यू आकाराची पकड वेल्डिंग करून घेतली. वेल्डिंग जिथे होतं तिथलं जस्त जळून जातं. वेल्डरवाला वरून चंदेरी रंग मारून देतो, तो साधा रंग असतो. जस्ताचं प्रमाण जास्त असलेला कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा रंग मागून घ्या आणि समोर उभे राहून दोन हात मारून घ्या.

काम कधी करायचं? अक्षय तृतीयेनंतर सुरू आणि मृगाआधी काँक्रीट संपलेलं. यात तडजोड नाही. शेवटच्या जोडीपाशी तेव्हाही दोन फूट पाणी होतं. तिथे मातीच्या पोत्यांचा गोल बांध घातला, पंपाने आतलं पाणी उपसलं आणि मग गड्डे केले. ओलं सिमेंट तळ्यात जाऊ देऊ नका, पाण्याला खार चढतो आणि मासोळ्या मरतात. घमेली, फावडीसुद्धा तळ्यात धुवायची नाहीत. मजूर सवयीने तिकडेच जातात, लक्ष ठेवा.

काँक्रीट एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी या प्रमाणात, रेती कन्हान नदीची मिळाली तर उत्तम. नागपूरच्या मेमध्ये दुपारी काँक्रीट ओतणं म्हणजे ते तव्यावर टाकणं आहे. उन्हं उतरल्यावर ओता, ओली पोती गुंडाळा आणि निदान सात दिवस पाणी मारा. शेवटच्या दोन जोड्या उंच असतात, त्यांना आपसांत तिरप्या अँगलची फुली मारा. नाव टेकली की धक्का झुलतो तो उभ्या वजनाने नव्हे, बाजूच्या रेट्याने.

५. आता लाकूड

घ्यायला जाताना सोबत टोच्या, लोहचुंबक आणि छोटा रंधा न्या. विकणाऱ्याला थोडा राग येईल, येऊ द्या.

टोच्या सांध्यापाशी आणि पॅनेलाच्या खालच्या बाजूने दाबा, वरून नाही. वरचं लाकूड उन्हाने कडक झालेलं असतं. कूज खाली असते, जिथे पाणी साचून राहिलं. आणि एका कोपऱ्यावर रंधा मारा. सागवान असेल तर आत सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा एक वास येतो. माझ्या नऊपैकी एक पॅनेल रंधा मारल्यावर पांढरट निघालं. सागवानी पॉलिश चढवलेलं साधं लाकूड होतं. दुसऱ्याच्या आतल्या दांड्या उधईने, म्हणजे वाळवीने, पोकळ केल्या होत्या. राहिली सात. पैसे नऊंचे गेले, कारण रंधा मी तळ्यावर नेल्यावर मारला.

सागाच्याही कडेचा पांढरट कच्चा भाग टिकत नाही, गाभा टिकतो. हिंगणा-बुटीबोरीकडून पॅकिंगच्या पाइन लाकडाची तयार चौकट फार स्वस्त मिळते. त्यावर 'एचटी' असा शिक्का असतो आणि विकणारा सांगतो की ट्रीटमेंट झालेली आहे. ती झालेली असते भट्टीत गरम करून किडे मारण्यापुरती. पाण्यात टिकण्याशी तिचा काही संबंध नाही. 'एमबी' शिक्क्याची तर घेऊच नका, तिला विषारी धुरी दिलेली असते. हिरवट झाक असलेलं लाकूडही मासोळ्यांच्या तळ्याला नको, त्यात आर्सेनिकचं औषध असण्याची शक्यता असते.

पॅनेल उलटं करून एकेक जुना खिळा सब्बल आणि जंबुराने काढा, मग चुंबक फिरवा. प्रत्येकावर खडूने नंबर घाला. आठ बाय चारचं सागाचं पॅनेल ऐंशी किलोच्या आसपास भरतं, चौघे लागतात. दोघांनी उचलायचा हट्ट करू नका.

६. पॅनेलं आडवी टाका

मिस्त्रीच्या त्या उडीचं गणित मला इथे कळलं. हॉटेलातलं पॅनेल जमिनीवर दहा ठिकाणी टेकून बसलेलं असतं. त्याला आठ फुटांचं अंतर स्वतःच्या जोरावर पेलायची सवय नसते. लांबी धक्क्याच्या दिशेने ठेवून दोन टोकांवर टेकवलं, तर आतल्या चार बाय दोन इंची दांड्या माणूस चालताना खाटेसारख्या लचकतात. तुटत नाहीत, पण रोजच्या लचकण्याने स्क्रू ढिले होतात.

म्हणून पॅनेलांच्या खाली लांबीच्या दिशेने दोन तुळया टाकल्या आणि पॅनेलं त्यावर आडवी. तुळया महाल भागातल्या पाडलेल्या एका घराच्या, सहा बाय चार इंची, चौदा फुटांच्या चार. सहा इंचांची बाजू उभी ठेवायची, तिरकी-आडवी नाही. दोन तुळयांत पाच फुटांचं अंतर, पॅनेल दोन्हीकडे दीड-दीड फूट बाहेर. जोड खांबाच्या डोक्यावरच आला पाहिजे, अधांतरी नाही. सात पॅनेलांचा धक्का झाला आठ फूट रुंद आणि अठ्ठावीस फूट लांब. मला सुरुवातीला चार फूट रुंद आणि खूप लांब हवा होता, तसा झाला नाही याचं आता बरं वाटतं. खाद्याची पोती ठेवून वळायला जागा राहते.

लागणारं सामान आणि काही सूचना:

- तुळईला सोळा मिलिमीटरचे आणि पॅनेलाला दहा मिलिमीटरचे हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, बोल्ट. चमकणारे झिंकचे नकोत, दुसऱ्या पावसाळ्यात लाल होतात.
- काळे ड्रायवॉल स्क्रू तर अजिबात नकोत, फर्निचरवाल्यांकडे तेच पडलेले असतात.
- ढिबरीखाली (नटाखाली) रुंद वायसर आणि नायलॉनच्या ढिबऱ्या, नाहीतर हलून ढिल्या होतात.
- ओळंबा, गुण्या, ड्रिल, पाने.
- भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं.
- दोन पॅनेलांत दोन सुतांची फट.

बोल्ट वजनासाठी नाहीत, पुरासाठी आहेत. सागवान तरंगतं. मिस्त्री म्हणाला, "एवढं वजन आहे, कोण नेते?" पाणी नेतं. पॅनेल खालून पाणी लागलं की उचललं जातं आणि मग ते तुमचं राहत नाही.

काठाकडचं टोक मातीला टेकू देऊ नका. दगडी ओट्यावर ठेवा आणि मातीपासून निदान सहा इंच उंच. उधई तिथूनच चढते. उधईचं औषध तळ्याकाठी ओतायचं नाही. बाजारात सर्रास मिळणारं क्लोरपायरीफॉस मासोळ्यांना अतिशय विषारी आहे.

७. उन्हाळ्याच्या पायऱ्या

पाच फुटांच्या फरकाला एकच उपाय आहे, टोकाला खाली जाणाऱ्या पायऱ्या. लोखंडी जाळीच्या करा, लाकडाच्या नको. त्या पावसाळ्यात पाण्याखाली राहणार आणि लाकडावर शेवाळ धरून पाय घसरणार. आम्ही सहा पायऱ्या केल्या, बाजूला एक पाइप हाताला धरायला. कडेला जुने टायर बांधले. नाव बांधायच्या कड्या दोन उंचीवर लावा: एक वर, एक पायऱ्यांच्या मध्यावर. दोर लांब सोडून एकाच कडीवर भागवलं तर पाणी उतरतं तसा डोंगा पायऱ्यांखाली शिरून अडकतो.

धक्का झाला की पाहुणे येतात आणि पाहुण्यांना नावेत बसायचं असतं. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटून तरुण मुलं बुडाली ती आपल्या इथलीच गोष्ट आहे. लाइफ जॅकेटं धक्क्यावरच खिळ्याला टांगलेली ठेवा, घरात नाही. नाव किती माणसांची आहे तो आकडा रंगाने तिच्यावर लिहा. आमच्यावर तीन लिहिलाय आणि साळा त्यावरून सासऱ्यांनाही परत पाठवतो.

८. तेल

वॉर्निश मारू नका, एका उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. वरच्या फळ्या तशाच सोडल्या तर सागवान राखाडी होतं, खराब होत नाही. कापलेली टोकं मात्र पाणी शोषतात, त्यांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. जवस आपल्याकडचंच. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. ते पाण्याच्या बादलीत टाका. गाडीचं जळकं ऑइल मारायचा सल्ला प्रत्येक जण देईल. ते पहिल्या पावसात तळ्यात उतरतं आणि धक्का वर्षभर निसरडा ठेवतं.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर सगळ्या ढिबऱ्या एकदा पान्याने पाहा, लाकूड बसतं तसं त्या सैल होतात. आमच्या छप्पन्नपैकी अकरा सैल निघाल्या, त्यातल्या सात एकाच पॅनेलाच्या, चौथ्या नंबरच्या. त्याच्याखाली तुळईचा जोड आहे. तिथे मिस्त्रीने एक लोखंडी पट्टी ठोकून दिली आणि तेव्हापासून ते हललेलं नाही.